पहिला नियम

पाचव्या सभासदानंही नाही म्हटलं तेव्हा शेषेरावांनी फोन सोफ्यावर आदळला.

"एकजात खोटारडे झालेत," ते म्हणाले.

समोर वाजिद खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसला होता. मुखेडला त्याचं टेलरिंगचं दुकान होतं आणि तिथल्या बंधुभाव मंडळाचा तो चिटणीस होता. शेषेराव मंडळाच्या लातूर शाखेचे अध्यक्ष. वाजिदच्या मुलीला, मनतशाला, लातुरात नीटच्या क्लासला प्रवेश मिळाला होता. सोमवारी क्लास सुरू होणार होता, आज शनिवार होता, आणि खोलीचा पत्ता नव्हता. तिची बॅग दाराशी उभी होती.

मंडळाचा पहिला नियम शेषेरावांनीच लिहिलेला. भूकंपाच्या साली, मदतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून. सभासदाचं लेकरू ते आपलं लेकरू, त्याला दार उघडताना जात-धर्म विचारायचा नाही. दर बैठकीत सगळे उभे राहून तो म्हणायचे. त्यातल्या पाच-सहा जणांनी आता क्लासच्या भागात मुलींसाठी खोल्या काढल्या होत्या. त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम आहे असं शेषेरावांना सकाळी वाटलं होतं.

पहिला सभासद, खोली तयारच आहे, पोरीला आत्ता पाठवा म्हणाला. मग त्यानं नाव विचारलं, आणि खोलीच्या भिंतीला ओल आल्याचं त्याला आठवलं. दुसऱ्याच्या मेहुण्याची मुलगी अचानक येणार होती. तिसऱ्या, गुरुपादप्पांनी शाकाहाराचं कारण काढलं. फोन स्पीकरवर होता, मनतशानं बसल्या जागेवरून सांगितलं, मी अंडंसुद्धा आणणार नाही. त्यावर ते म्हणाले, माझं काही नाही हो, बाकीच्या मुलींचा प्रश्न आहे. चौथ्याचं आणि पाचव्याचंही तेच. अंड्याचं वाक्य मनतशानं सकाळपासून तीनदा म्हटलं होतं. आता तिला त्या वाक्याचीच चीड आली होती.

"जाऊ द्या दादा," वाजिद म्हणाला. "अडचणी असत्यात लोकांच्या."

"अडचण न्हाई वाजिदभाई, खोटं हाय हे. नियम म्हणताना छाती पुढं, अन् दार उघडायची वेळ आली की भिंतीला ओल." शेषेरावांनी पुन्हा फोन उचलला आणि सहाव्याचा नंबर लावला.

रिंग वाजत असतानाच जिन्यावरून सिंधु खाली आली. ही मुरुडची. शेषेरावांच्या वरच्या मजल्यावर तीन मुली राहायच्या, त्यातली एक. बाटलीत पाणी भरायला ती स्वयंपाकघराकडं निघाली होती. बॅग बघून थांबली.

"काकू," तिनं आत हाक दिली, "चौथ्या कॉटवर येणारी हीच का? बरं झालं. कधीची रिकामी पडलीय."

वाजिदनं मान खाली घातली. वर जाणारा जिना, फाटकावरची 'मुलींसाठी' अशी पाटी, सगळं त्यानंही येतानाच पाहिलं होतं. त्यांच्या मनात असतं तर तेच म्हणाले असते, असं सांगून त्यानं मनतशाला गप्प बसवलं होतं.

"तसं न्हाई," शेषेराव म्हणाले. "म्हणजे, वरच्या पोरींच्या घरी विचारावं लागंल आधी. जबाबदारी असती."

त्यांची बायको रेणुका दुसऱ्यांदा चहा घेऊन दारात आली होती. ट्रे हातातच धरून तिनं विचारलं, "काय विचारणार?"

शेषेरावांनी तोंड उघडलं. वाक्य काही येईना.

"मला सांगा. मी लावते फोन."

ट्रे टेबलावर ठेवून रेणुका सिंधुला म्हणाली, "तिची बॅग वर ने."

सिंधुनं बॅग उचलली आणि जिना चढून गेली. वाजिदनं मुलीला डोळ्यानंच खुणावलं, ऊठ. मनतशा उठली नाही. ती शेषेरावांकडं बघत बसून राहिली.

त्यांच्या हातातल्या फोनमधून सहावा सभासद पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बोला अध्यक्ष. काय सेवा करू?"