कार्ड जेवणाचं विचारतं

कार्डाने पुन्हा विचारलं, ‘जेवलात का?’

सुखदाने सर्किट कार्डाचा स्विच बंद केला, परत चालू केला. कार्डावरची चिप नीट जागी झाली की टर्मिनलच्या पडद्यावर ‘रेडी’ उमटायचं. पण कधीकधी ती अर्धवट जागी होई, इंग्रजी अक्षरांत ही मराठी ओळ टाके आणि ढिम्म बसून राही. बसवनगुडीतल्या त्या छोट्या कारखान्यात मराठी येणारी माणसं दोनच, सुखदा आणि मालक पद्माकर. बाकीच्यांना वाटे, चिप कचरा ओकते. पुण्याहून आल्यापासून सुखदाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारत होतं ते हे कार्ड.

“अक्का, ते हेमलता मॅडमचं कार्ड,” टेबलापलीकडून देवाप्पा मोडक्या हिंदीत म्हणाला. “साहेबांची मिसेस. बनवता बनवता आजारी पडल्या, त्यातच गेल्या. तुम्ही बसलात ती खुर्ची त्यांचीच.”

सुखदा खुर्चीच्या कडेला सरकली. गेलेल्या बाईने जेवणाची चौकशी करावी, यात वावगं काही नाही. पण ती केबल लावायच्या सीरियल पोर्टमधून करावी, हे तिला पटेना.

दोष आज सापडला नाही, तर येलहंक्याच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर जाणार होती आणि तिच्यामागोमाग उमेदवारीवरची सुखदाही. पॉवर सप्लाय बदलून झाला होता. दसऱ्याच्या आयुधपूजेला देवाप्पाने चिपला लावलेलं कुंकूही पुसून झालं होतं. कार्डाची चौकशी चालूच.

दुपारी वीज गेली. सुखदाने सवयीने कार्डाचा स्विचही बंद केला. खोलीत अंधारून आलं, आणि कार्डावरचा लाल दिवा तिला मिणमिणताना दिसला.

वीज नाही, स्विच बंद, आणि हे जिवंत कसं?

मग तिची नजर केबलवर गेली. केबल टर्मिनलला जोडलेली होती, आणि टर्मिनल रात्रंदिवस बॅटरीवर चालू असे. ते बंद करायचं नाही, ही साहेबांची ऑर्डर. त्या केबलमधून वीज थेंबथेंब कार्डात झिरपत होती. कार्ड धड मरत नव्हतं, धड जागं होत नव्हतं. कुणीतरी शेवटी टाइप केलेली ओळ तेवढी मेमरीत धरून होतं.

तिने केबल उपटली. दिवा विझला.

वीज आल्यावर तिने आधी कार्ड चालू केलं, मग केबल लावली. रेडी. परत केलं. रेडी. देवाप्पा “सरी, अक्का, सरी! बरोबर!” म्हणत चहा सांगायला पळाला.

“सर, सापडलं!” पद्माकर आत येताच ती म्हणाली. “ते पूर्ण विझतच नव्हतं, म्हणून नीट उठत नव्हतं.”

“आता विझलं?”

“पूर्ण.”

त्यांनी स्वतः केबल काढली, कार्ड बंद केलं, चालू केलं, केबल परत लावली. रेडी. पुन्हा केलं. रेडी. पडद्याकडे ते असे बघत राहिले, की आपण हेमलता मॅडमची शेवटची ओळ पुसली, हे सुखदाला तेव्हा कुठे कळलं. नोकरी गेली, तिच्या मनात आलं.

“सर, ती ओळ... मला कळायला हवं होतं.”

“दोष मला पहिल्याच दिवशी सापडला होता,” पद्माकर म्हणाले. “केबल काढायला हात होईना. म्हणून तर तुम्हाला नोकरीवर घेतलं.”