दुभाष्याचा धाकटा भाऊ

स्वातंत्र्य द्यायचं की नाही, हे ठरवायला साम्राज्याचं मंडळ गावोगाव साक्षी घेत फिरत होतं. आमच्या गावात दुभाषा मी होतो.

आधी कापसाचा व्यापारी बोलला, "साहेब, तुम्ही गेलात तर आम्ही एकमेकांचे गळे धरू." मी ते जसंच्या तसं साहेबाच्या भाषेत सांगितलं.

मग माझा धाकटा भाऊ उठला. गप्प बस गाढवा, असं मी डोळ्यांनी सांगत होतो, पण तो कसला ऐकतोय! "घर आमचं आहे. आम्ही ते चालवू, नाहीतर बुडवू. तुम्ही आधी बाहेर व्हा!"

साहेबाशेजारी पोलीस अधिकारी वही उघडून बसला होता. एवढंच बोलल्याबद्दल भावाचा मित्र गेल्या महिन्यात फासावर गेला होता.

"तो म्हणतो, शाळा वाढवा, रस्ते सुधारा," मी साहेबाला सांगितलं. "बाकी आम्ही सुखात आहोत."

अधिकाऱ्याने वही मिटली. भाऊ जेवायला घरी आला.

"दादा, नीट सांगितलंस ना रे?"

"शब्दन् शब्द," मी म्हणालो आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सहा महिन्यांनी मंडळाचा अहवाल आला: 'चाळीस गावांत साक्षी घेतल्या. स्वातंत्र्य एकानेही मागितले नाही. सबब, ते देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.'



मी तर फक्त माझ्या भावाला वाचवलं होतं. उरलेल्या एकोणचाळीस गावांतल्या दुभाष्यांनी कुणाकुणाला वाचवलं?