नजरेला नजर

"आमचे आप्पा बोलण्यावर जात न्हाईत, माणूस बघूनच पारखतात," असं पूर्णिमानं बजावलं, तेव्हा लग्नाचं विचारायला जाण्याआधी आदर्शनं देहबोलीचा ऑनलाइन क्लासच लावला.

आप्पा म्हणजे गुंडू वस्ताद, तालमीत चाळीस वर्षं मल्ल घडवलेले. आदर्श त्यांच्यासमोर पाय रोवून, छाती काढून उभा राहिला. नजरेला नजर भिडवली आणि त्यांचा पंजा घट्ट आवळला. शिकवलेलं काहीएक चुकलं नाही.

वस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला आणि चष्मा काढून बायकोकडं दिला. आदर्शला वाटलं, काम फत्ते.



"लग्नाचं मागनं बोलू, पावणं. आखाडा परड्यातच हाय. कापडं काढा."