वखारीचं नाक

चुडामणने वखारीच्या दाराच्या फटीला नाक लावलं, डोळे मिटले आणि पोट फुगेस्तोवर श्वास ओढला. काही नाही. आत दोन दिवस धुरी खाल्लेले केळीचे घड पिकायला ठेवलेले, आणि इकडे त्याला नुसती भिंत हुंगल्यासारखं वाटत होतं.

"काय म्हनस नाक?" मागून आबांनी विचारलं आणि तपकिरीची चिमूट ओढली.

"थांबा जरा, आबा."

भिकनआबांच्या नाकाची चोपडा गावात कोण कीर्ती. तीस वर्षांत त्यांनी दार ना घटकाभर आधी उघडलं, ना नंतर. आधी उघडलं तर माल हिरवाच राहतो, उशीर झाला तर काळा पडतो. उद्या अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सालदारांचं नवं साल त्याच दिवशी सुरू होतं. तेव्हाच वखारीची किल्ली पोराच्या हाती देणार, असं आबा गावभर सांगून बसले होते. अट एकच. हा माल त्याने एकट्याने काढायचा.

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. चार वर्षं सगळे म्हणत आले, पोरगं बापाच्या वळणावर गेलं. खरं नाक चुडामणच्या बायकोचं, प्रमिलाचं. ती चहा घेऊन यायची, दारापाशी घुटमळायची. तिने बांगड्या वाजवल्या की हा ऐटीत म्हणायचा, "उघडा." आणि नेमकी आज ती असोद्याला. अखाजीला माहेरी निघालेल्या बाईला अडवायची कुणाची छाती? गल्लीत बाई औषधाला उरली नव्हती. परत बोलवायला फोन लावावा, तर असोद्याचा फोन पोस्टात, आणि पोस्टाला कुलूप.

बाहेर माल न्यायला आलेल्या रतिलालच्या ट्रकने हॉर्न दिला. चुडामण कुलपाला हात लावून मागे सरला, पुन्हा पुढे गेला.

"आते उघाडू का रे?" आबांनी तिसऱ्यांदा विचारलं. घामाने त्यांची टोपी भिजली होती.

चुडामणने दाराकडे पाठ केली.

"आबा, किल्ली नका देऊ. माले वासच येत नही. आजपावेतो प्रमिलाच सांगे."

आबा मटकन पोत्यावर बसले. ट्रक पुन्हा ओरडला.

"मंग आते कसं करानं रे भो," ते हळूच म्हणाले. "तुनी माय बी सकायमाच माहेर गयी."