दाराजवळची खुर्ची

"रडायचं नाही," ताई म्हणाली. "तू रडलीस, तर ज्याची नोकरी गेली तोच तुझी समजूत काढत बसेल. असा दुहेरी भार कुणावर टाकू नये."

चिमणीनं डोळे पुसले. छोट्या मीटिंगरूममध्ये दोघीच होत्या. उद्या सकाळी चिमणीला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी कामावरून काढायचं होतं. साहेबांचं तसं फर्मान होतं, आणि नाव बाहेर फुटता कामा नये असंही त्यांनी बजावलं होतं.

नाव सांगायची गरजच नव्हती. तक्रार विभागात टेबलं मोजकीच. त्यात कॉम्प्युटरशी रोज भांडणारे, निवृत्तीला टेकलेले आजोबा एकच.

"कोण ते मला कळलंय," ताई म्हणाली. "तू बोलू नकोस."

चिमणी टेबलाकडे बघत राहिली.

हे कडू औषध पाजायचं काम आजवर ताईकडे असायचं. "तुम्ही बाईमाणूस, मायेनं सांगाल," असं म्हणून साहेब नामानिराळे राहायचे. माया बाईची, निर्णय साहेबांचा, अशी सोयीची वाटणी होती. ताईच्या हाताखाली शिकलेले दोन पुरुष तिला ओलांडून वर गेले, तेव्हाही ती हसून अभिनंदन करून आली. मग बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडली.

पण आता विभागप्रमुखाची खोली रिकामी होती. मागच्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "तुमचं काम सांभाळेल असं कुणी तयार आहे का?" ताईनं पटकन चिमणीचं नाव घेतलं. घरी जाऊन नवऱ्याला बढतीचं सांगितलं आणि वर दटावलं, "हातात पडेपर्यंत बहिणीला सांगू नका. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही." नणंदेचा फोन जेवणाआधीच आला.

"आता नीट ऐक," ताई म्हणाली. "पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेव. तेव्हा उठून आणायला गेलीस तर त्यांना ती मिनिटं एकट्यानं काढावी लागतात. दाराजवळची खुर्ची त्यांना दे. पटकन उठून जाता आलं पाहिजे. कसे आहात, घरी सगळे बरे का, असलं काही विचारू नकोस."

"मग काय बोलू?"

"पहिल्याच वाक्यात सांगून टाक. आज तुमचा इथला शेवटचा दिवस आहे. बस. मग गप्प राहायचं. आणि एक, नात्यानं हाक मारायची नाही. काका नाही, आजोबा नाही. आपल्या माणसानं मारलं की जास्त लागतं."

चिमणीनं मान हलवली. मग हळूच विचारलं, "ज्यांनी आपल्याला बोट धरून शिकवलं, त्यांनाही असंच सांगायचं?"

चिमणीला पहिला फोन उचलायला आजोबांनीच शिकवलं होतं. ताईला भरून आलं.

"त्यांना तर असंच. तू नाही सांगितलंस तर दुसरं कुणी सांगेल, आणि ते वाईट सांगेल. माझी पोर आहेस. नीट करशील."

चिमणी पुन्हा रडायला लागली. या वेळी ताई तिला रागावली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई लवकर आली. आपली गुबगुबीत पाठीची खुर्ची ढकलत तिनं आजोबांच्या टेबलाशी नेली.

"आज एवढी माया?" आजोबा म्हणाले. "मी मरायला टेकलोय की काय?"

"बसा हो गुपचूप," ताई म्हणाली. तिच्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. विभागप्रमुखाच्या खोलीत बसले की पहिलं काम हेच, तिनं मनाशी ठरवलं. अर्ध्या दिवसासाठी का होईना, आजोबांना परत बोलवायचं.

तेवढ्यात चिमणी आली. "छोट्या खोलीत येता का जरा?"

पोरीला आधी धीर हवा असणार. ताई लगबगीनं तिच्या मागे गेली.

खोलीत सगळं जिथल्या तिथं होतं. टेबलावर काठोकाठ भरलेला ग्लास. दाराजवळची खुर्ची रिकामी. चिमणी वळसा घालून पलीकडे जाऊन बसली.

"शाब्बास," ताई म्हणाली. ती त्या रिकाम्या खुर्चीत टेकली आणि ग्लास थोडा पुढे सरकवून बघितला. "हात पोहोचेल एवढा जवळ ठेव. त्यांचे हात कापतील. बरं, आता बोलव आजोबांना. मी बाहेरच थांबते, घाबरू नकोस."

चिमणी उठली नाही. तिनं ग्लास आणखी जरा ताईकडे सरकवला. तिचे डोळे सुजलेले होते, पण कोरडे होते. शिकवलेलं सगळं तिनं पाळलं, एक गोष्ट सोडून.

"ताई," ती म्हणाली, "आज तुमचा इथला शेवटचा दिवस आहे."