सुनेला माफी

जयाबाईंनी पेजेचा डबा नर्सच्या हातात दिला आणि खाटेकडं न बघताच त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. हे रोजचंच होतं. मच्छ्याहून बस पकडून बेळगावला यायचं, सुनेसाठी गरम पेज आणायची आणि स्वतःच्या हातानं एक चमचाही भरवायचा नाही.

माधवीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. उद्या तिला हॉस्पिटलमधून सोडणार होते. सोडल्यावर ती कुठं जाणार, हे मात्र ठरत नव्हतं.

"निपाणीस्नं तुझं अण्णा येत्यात न्यायला," जयाबाई खिडकीलाच सांगितल्यासारख्या म्हणाल्या. "जा त्यांच्यासंगं. माझ्या घरात तू नको."

"बरं, आत्याबाई."

माधवीनं कधी उलट शब्द काढला नाही. जयाबाईंचा जीव त्यानंच जास्त जळायचा. पोरगी भांडली असती तर त्यांना जरा हलकं तरी वाटलं असतं.

जयाबाईंचे मालक भावकू वारले, त्यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी हे घडलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळी भावकी येणार म्हणून घर धुवायला काढलं होतं. मुलगा सौरव एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये कामाला. नमुने तपासून उरलेलं सॉल्व्हंट तो अधूनमधून कॅनमधून घरी आणायचा. कसलाही चिकटा त्यानं चटकन निघायचा. गल्लीतल्या बायकाही वाटी घेऊन मागायला यायच्या आणि सौरवचं कौतुक करून जायच्या.

त्या दुपारी तो कामावर होता. माधवीनं स्वयंपाकघरातल्या तेलकट फरशीवर ते ओतून पुसायला घेतलं. थोड्याच वेळात घरात भडका उडाला. जयाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. नात ऋचा मधल्या खोलीत खेळत होती. तिला ओढून बाहेर काढताना माधवीचे हात भाजले. ऋचा वाचली नाही.

पोलीस जबानी घ्यायला आले तेव्हा माधवीनं आपणहून सांगितलं, "ध्यानात राहिलं न्हाय. चहा करायला म्हणून गॅस पेटवला."

त्यांनी लिहून घेतलं आणि गेले. जयाबाईंच्या मनातून मात्र ते जाईना. एका चहापायी माझी नात गेली, असं त्या भेटेल त्याला सांगत होत्या.

शेजारच्या खाटेवर खानापूरकडची नागुबाई होती. माधवीला औषधानं डोळा लागल्यावर तिनं जयाबाईंना जवळ बोलावलं.

"आक्का, लेकरू तिचंबी गेलंय की. किती धराल मनात?"

"तिचं एक गेलं. माझी दोघं गेली," जयाबाई म्हणाल्या. "आणि माझं कुठं चुकलं, सांगा बघू. मालक गेले त्या जागेवरचा दिवा म्या डोळ्यात तेल घालून जपला. वारं नको म्हणून खिडक्या लावल्या, वर बुट्टी उपडी घातली. मधे कधी विझला, तर उठून परत लावला, त्या दुपारीबी. मेल्या माणसाला अंधारात ठिवलं न्हाय. आणि हिला एक गॅस सांभाळता आला न्हाय?"

नागुबाईनं मान हलवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "झोपंत लई रडती हो ती. पोरीला हाका मारती. काल नर्सबाईनं उठवलं, तर तिचा हात धराय गेली आणि म्हणाली, आत्याबाईंना सांगू नका. एवढंच म्हणत हुती, सारखं सारखं."

जयाबाई सुनेच्या तोंडाकडं बघत राहिल्या. आपल्याला त्रास नको म्हणून ही पोरगी रडणंसुद्धा चोरून रडते, हे त्यांच्या मनाला फार लागलं. माधवीला जाग आली तेव्हा त्यांनी नर्सकडून डबा मागून घेतला, उघडला आणि खाटेवर बसल्या.

"आ कर."

माधवी बघतच राहिली. मग तिनं तोंड उघडलं. दोन चमचे गिळले आणि तिसऱ्याला तिला हुंदका फुटला. जयाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. त्यांचेही डोळे वाहत होते.

"तू काय मुद्दाम केलीस व्हय? झालं ते झालं. म्या तुला माफ केलं, पोरी. निपाणीला न्हाय जायचं. उद्या आपल्या घरी चल."

"चुकलं माझं, आत्याबाई."

"गप. आता तो विषय काढायचा न्हाय."

उरलेली पेज भरवून जयाबाई रिकामा डबा घेऊन नळावर गेल्या. सौरव मघापासून दारात उभा होता. आईचं बोलणं ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. तो खाटेजवळ आला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, "काल घर आवरलं. गॅसची टाकी मागच्या परड्यात सापडली. रेग्युलेटर काढून तूच बाहेर ठेवलतीस न्हवं?"

माधवीनं होकारार्थी मान हलवली.

"मग गॅस पेटवला असं का सांगितलंस? जाळ दिव्याकडनंच आला. त्या सॉल्व्हंटची वाफ दिसत न्हाय, भुईला धरून सरकत जाती, बंद घरात तर लांबच्या दिव्यालाबी पोचती, हे किती येळा सांगितलं तुला. टाकी ध्यानात राहिली, मग दिवा कसा इसरलीस गं?"

बाहेर पाण्याचा आवाज येत होता. जयाबाई कुणाला तरी सांगत होत्या, सून उद्या घरी येणार म्हणून. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

माधवीनं दाराकडं बघितलं आणि नवऱ्याला आणखी जवळ यायची खूण केली.

"इसरले न्हवते," ती म्हणाली. "आत्याबाई रागावतील म्हणून त्यांना न सांगता, कॅन उघडायच्या आधी मी तो विझवलता."