भुताचं काम

लिलाबाईचा नवरा सिनेमात काम करायला मुंबईला गेला, तो परतलाच नाही. चौऱ्याहत्तर साली कामरगावात तंबू टॉकीज आली. रात्रीच्या शेवटच्या खेळाला फक्त प्रौढांसाठी भुताचा विनोदी सिनेमा होता. तो पाहून आलेला दीर म्हणाला, "वयनी, त्यातलं भूत म्हंजे आपला देवमनदादा!" अशा खेळाला बाया जात नसत; ती दिरासोबत गेली. पडद्यावर तोंडाला पीठ फासलेलं भूत नाचणारीचा पाठलाग सोडून स्वयंपाकघरात शिरून कोरडी भाकर दोन्ही हातांनी खाऊ लागलं. तंबूभर हशा पिकला. देवमन खरंच उपाशी आहे, हे एकट्या लिलाबाईला कळलं. "हळू खा, ठसका लागन," ती बोलून गेली. "भुताले कायचा ठसका, बाई?" मागून कोणीतरी ओरडलं. भूत भिंतीतून निघून गेलं. खेळ सुटल्यावर तिनं दिराला विचारलं, "उद्याबी हाच सिनेमा हाये ना?"